नळ आला, पण पाणी गेलं कुठे?

घरात नळ आला की फोटो निघतो, स्टेटस पडतो. वापरलेलं पाणी मोरीतून बाहेर पडल्यावर कुठे जातं, याचा फोटो मात्र कुणी काढत नाही. गावच्या सांडपाण्याचा हिशेब, एक 'जादूचा खड्डा' आणि तुमच्या-माझ्या वयाच्या मुलामुलींना करता येईल असं बरंच काही.

एक प्रश्न विचारते. प्रामाणिकपणे उत्तर द्या.

तुमच्या गावच्या घरी पाणी कुठून येतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. विहीर, बोअर, धरण, टँकर, काहीही असेल, पण सांगता येईल. नळाला पाणी किती वाजता येतं तेही पाठ असेल. आता सांगा, सकाळी अंघोळ केली, ते बादलीभर पाणी गेलं कुठे?

'गटारात', असं म्हणाल. बरं, गटार कुठे जातं?

इथे बहुतेकांची गाडी अडते. माझीही मित्रमंडळी अडली. कॉलेजच्या ग्रुपवर हाच प्रश्न टाकला तेव्हा बारा जणांपैकी तिघांनाच नीट उत्तर देता आलं. एकाचं गटार ओढ्याला जातं, एकीचं शाळेच्या मागच्या खड्ड्यात साचतं आणि तिसऱ्याच्या गावात गटारच नाही, पाणी रस्त्यावर. बाकीच्यांनी घरी फोन लावले. त्यातल्या दोघांच्या घरी या विषयावरून शेजाऱ्यांशी भांडण चालू असल्याचं कळलं!

हसू नका. गावातली किती भांडणं 'तुमचं पाणी आमच्या दारात येतं' या एका वाक्यावरून सुरू होतात, ते एकदा मोजून बघा.

आधी हिशेब करू

१५ ऑगस्ट २०१९ला जलजीवन मिशनची घोषणा झाली. तेव्हा देशातल्या सुमारे सव्वातीन कोटी ग्रामीण घरांत नळ होता. आज हा आकडा १५ कोटींच्या पुढे गेलाय. माणशी रोज ५५ लिटर पाणी द्यायचं, हे त्या योजनेचं माप. कौतुकाचीच गोष्ट आहे. ज्यांच्या आयांनी डोक्यावर हंडे वाहिले, त्यांना तर ते वेगळं सांगायलाच नको.

पण पाणी घरात आलं की ते घराबाहेरही जातं. पिण्यात आणि स्वयंपाकात जाणारं पाणी थोडंच असतं. अंघोळ, कपडे, भांडी, फरशी यांचं पाणी पुन्हा मोरीतून बाहेर. दिलेल्या पाण्यापैकी साधारण ६५ ते ७० टक्के पाणी असं सांडपाणी होऊन परत येतं, असं धरून नियोजन करतात.

म्हणजे पाच माणसांच्या घरात रोज २७५ लिटर पाणी येतं आणि त्यातलं १९० लिटरच्या आसपास बाहेर पडतं. दीड हजार वस्तीचं गाव घ्या. रोज साडेब्याऐंशी हजार लिटर आत, ५७-५८ हजार लिटर बाहेर. दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. असे जवळपास सहा टँकर रोज गावात रिकामे होतायत. वर्षाचे होतात दोन कोटी लिटरच्या वर!

हंड्याने पाणी आणायचे तेव्हा घरात पाणी कमी लागायचं, म्हणून सांडपाणीही कमी. ते परसातच जिरायचं. नळ आला, बाथरूम पक्कं झालं, अंगणात काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक पडले. पाणी वाढलं आणि मुरायची जागा गेली. मग ते रस्त्यावर येणारच ना?

दोन पाण्यांची गल्लत

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. घरातून बाहेर पडणारं घाण पाणी दोन प्रकारचं असतं.

एक सांडपाणी, म्हणजे अंघोळीचं, धुण्याभांड्याचं. त्यात साबण, तेलकटपणा, मातीचा गाळ, उष्ट्याचे कण आणि केस असतात. दुसरं मैलापाणी, म्हणजे संडासातलं. त्यात रोगजंतू आणि जंतांची अंडी असतात. पहिल्याचा निकाल लावणं तुलनेनं सोपं आहे. माती, दगड, झाडं आणि थोडी अक्कल एवढ्यावर काम भागतं. दुसऱ्याला वेळ द्यावा लागतो आणि जास्त काळजीही घ्यावी लागते.

ही दोन पाणी एकत्र केली की सोपं कामही अवघड होऊन बसतं. दहा लिटर मैलापाण्यात शंभर लिटर सांडपाणी ओतलं, तर शंभर लिटर 'सौम्य' होत नाही. एकशेदहा लिटर मैलापाणी तयार होतं. म्हणून खेड्यातला पहिला नियम हा की दोन्ही वाटा वेगळ्या ठेवायच्या.

डासाचं गणित

उघड्या गटाराचा त्रास म्हटला की आपण नाकाला रुमाल लावतो. पण वास हा त्यातला सगळ्यात छोटा त्रास आहे.

क्युलेक्स जातीच्या डासांना घाण, साचलेलं पाणी फार आवडतं. उबदार हवेत अंड्यापासून उडता डास व्हायला त्यांना साधारण सात ते दहा दिवस पुरतात. हत्तीरोग पसरवणारा डास हाच. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या भागांत सुजलेला पाय घेऊन चालणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. हत्तीरोगाच्या गोळ्या वाटायला आरोग्य कर्मचारी घरोघर येतात, ते याच्याचसाठी.

गावात धूरफवारणीचं मशीन फिरतं, पोरं त्याच्यामागे पळतात, दोन दिवस बरं वाटतं. तिसऱ्या दिवशी डास हजर. कारण धुराने उडणारे डास मरतात, गटारातल्या अळ्यांचं काहीच बिघडत नाही. पाणी उघड्यावर साचलंच नाही, तर अळीला राहायला जागा कुठून मिळणार?

नांदेड जिल्ह्यातल्या एका गावाने नेमका इथेच हात घातला.

टेंभुर्णीचा 'मॅजिक पिट'

टेंभुर्णी म्हटलं की अनेकांना सोलापूर हायवेवरची टेंभुर्णी आठवते. ही ती नव्हे. ही हिमायतनगर तालुक्यातली, नांदेड जिल्ह्याच्या टोकाकडची. या गावाने गटारं बांधण्याऐवजी घरोघर शोषखड्डे घेतले. घराचं सांडपाणी घराच्याच आवारात जमिनीत जिरवायचं. रस्त्यावर पाणी येणं थांबलं, डबकी संपली आणि डासमुक्त गाव म्हणून टेंभुर्णीचं नाव झालं. पुढे जिल्हा परिषदेने हीच पद्धत रोजगार हमीची जोड देऊन जिल्हाभर नेली. 'नांदेड पॅटर्न' म्हणून तुम्ही ऐकलं असेल ते हेच.

शोषखड्डा ही काही नवी गोष्ट नाही. मग यात जादू कसली?

जुना शोषखड्डा म्हणजे खड्डा खणायचा, विटांचे तुकडे भरायचे आणि त्यात पाइप सोडायचा. पहिलं वर्ष छान जातं. मग साबणाचा चिकट थर, केस, भाताची शितं, माती असं सगळं विटांच्या फटींत जाऊन बसतं. खड्डा तुंबतो. तो साफ करायचा तर सगळा उकरावा लागतो, ते कोण करणार? मग पाणी पुन्हा रस्त्यावर.

मॅजिक पिटमध्ये मधोमध एक टाकी बसवतात. खड्डा साधारण चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल. टाकी सिमेंटची आणि तिच्या वरच्या भागात भोकं. तिच्या भोवती खाली मोठे दगड, वर छोटे. पाइप येतो तो थेट या टाकीत. पाणी टाकीत थबकतं, जड गाळ तळाशी बसतो आणि वरचं निवळ पाणी भोकांतून दगडांत, दगडांतून मातीत जातं. वरून खड्डा झाकलेला, टाकीवर झाकण. गाळ साचला की झाकण उघडायचं, गाळ काढायचा, झाकण लावायचं. दगड उकरायची गरज नाही.

एवढीच जादू. म्हणजे शाळेच्या विज्ञानातलं 'निवळणे' आणि 'गाळणे'. मातीत उतरल्यावर पुढचं काम मातीतले सूक्ष्मजीव करतात. साबणातले, अन्नातले सेंद्रिय पदार्थ त्यांचं खाद्य असतं.

दोन गोष्टी मात्र सांगायलाच हव्यात. एक, मॅजिक पिटने डेंग्यू थांबत नाही. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ पाण्यात वाढतो, म्हणजे रांजणात, कूलरमध्ये, गच्चीवरच्या टायरमध्ये. त्यासाठी आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळावाच लागतो. दोन, हा खड्डा फक्त सांडपाण्यासाठी आहे. संडासाचा पाइप यात चुकूनही जोडायचा नाही.

काळ्या मातीचं काय?

आता गंमत ऐका. माझं आजोळ परभणी जिल्ह्यात आहे. तिथली माती कशी, तर पावसाळ्यात चप्पल रुतली की हातानेच काढावी लागते. मामाने एका योजनेतून शोषखड्डा घेतला होता. दोन महिन्यांत खड्डा काठोकाठ भरला आणि पाणी उलटं अंगणात आलं.

"काही कामाचा नाही बघ खड्डा," मामा म्हणाला.

"मामा, खणायच्या आधी माती बघितली होती का?"

"माती काय बघायची? माती ती माती."

इथेच घोळ आहे. काळी कापसाची माती ओली झाली की फुगते आणि तिच्यातल्या बारीक फटी बंद होतात. पाणी खाली जायला वाटच राहत नाही. मुरमाड जमिनीत जो खड्डा झकास चालतो, तोच काळ्या मातीत तुंबतो. दोष खड्ड्याचा नाही, जागा न तपासता एकच नकाशा सगळीकडे छापण्याचा आहे.

तपासणी अगदी सोपी आहे. जिथे खड्डा घ्यायचा तिथे हातभर रुंद, दोन-तीन फूट खोल छोटा खड्डा खणा. पाणी भरा आणि रात्रभर राहू द्या, म्हणजे माती पुरती भिजेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा वीतभर पाणी भरा, काठीवर खूण करा आणि घड्याळ लावा. दोन-तीन तासांत पाणी उतरलं तर शोषखड्डा चालेल. संध्याकाळपर्यंत पाणी तसंच राहिलं तर पैसे घालवू नका. काही ठिकाणी काळ्या मातीचा थर पातळ असतो आणि खाली मुरूम लागतो. तिथे थोडं खोल जाऊन काम होतं. जिथे थरच जाड आहे तिथे दुसरा उपाय.

आणखी एक पथ्य. पिण्याची विहीर किंवा बोअर जवळ असेल तर खड्डा निदान दहा-पंधरा मीटर लांब हवा. भूजल फार वर असेल, म्हणजे खड्ड्याच्या तळापासून दोन मीटरच्या आतच पाणी लागत असेल, तर तिथेही शोषखड्डा नको. कोकणात आणि नदीकाठच्या गावांत हे आधी बघायला हवं. नाहीतर सकाळी मुरवलेलं पाणी संध्याकाळी आपणच उपसून प्यायचं!

मग काळ्या मातीतल्या मामाने काय करावं? उत्तर आजीकडे होतं. तिच्या जुन्या घरी न्हाणीच्या मागे अळू, केळ आणि कर्दळ लावलेली असायची. न्हाणीचं पाणी छोट्या पाटाने तिकडे जायचं. अळूवडीचं अळू विकत आणायचं असतं, हे आजीला पटतच नाही. ती काही पर्यावरण वाचवत नव्हती. पाणी वाया घालवायचं नाही एवढंच तिला माहीत होतं. पण ज्या कामाला इंजिनिअर आज पाणथळ वनस्पतींचा वाफा म्हणतात, तेच ती करत होती. केळीची पानं भरपूर पाणी हवेत सोडतात, म्हणून माती सतत चिखल राहत नाही. कर्दळीच्या मुळांभोवती सूक्ष्मजीवांची दाट वस्ती असते, तीच पाण्यातली घाण फस्त करते.

आज परसबाग करायची तर एवढं करा. मोरीच्या पाइपला आधी जाळी लावा. मग एक छोटी टाकी ठेवा, गाळ आणि तेल अडायला. तिथून पाणी केळीच्या आळ्यात सोडा. पाणी उघड्यावर साचू देऊ नका, आळ्यात पालापाचोळा नाहीतर खडी टाका. कच्च्या खायच्या भाज्यांना हे पाणी देऊ नका. मामाने तीन केळी लावल्यात. खड्डा अजून तसाच भरलेला आहे, पण अंगण कोरडं आहे.

गटार कुठे संपतं?

प्रत्येक घराला परस नसतो. गावठाणात भिंतीला भिंत लागून घरं असतात. तिथे गटार लागतंच. मग प्रश्न उरतो गटाराच्या शेवटाचा.

पाणी उताराला जातं, त्यामुळे गटार गावाच्या खालच्या अंगाला संपतं. आणि गावाच्या खालच्या अंगाला कोणाची वस्ती असते, हे महाराष्ट्रात वेगळं सांगावं लागत नाही. वरच्या आळीत गटार बांधून रस्ता चकाचक होतो आणि सगळ्या गावाचं पाणी त्या वस्तीच्या दारात साचतं. अंदाजपत्रकात काम 'पूर्ण' असतं. म्हणून बंदिस्त गटाराचं उद्घाटन झालं की एक काम करा, गटाराच्या कडेकडेने शेवटपर्यंत चालत जा. कोनशिला बहुतेक वेळा सुरुवातीला असते. गावाची खरी स्थिती शेवटाला कळते.

त्या शेवटाला काय करता येतं? बरंच काही, आणि तेही विजेशिवाय.

आधी जाळी, म्हणजे प्लास्टिक आणि कचरा अडेल. मग गाळ बसायला टाकी. जागा असेल तर एकापुढे एक तीन तळी घेतात. पहिलं खोल, तिथे हवेशिवाय जगणारे जीवाणू घाण कुजवतात. दुसरं कमी खोल, तिथे शेवाळ उन्हात ऑक्सिजन तयार करतं आणि त्यावर दुसरे जीवाणू उरलेलं काम करतात. तिसरं उथळ, तिथे ऊन लागून रोगजंतू कमी होतात. जागा कमी असेल तर खडीचा वाफा करतात आणि त्यात कर्दळ, पाणकणीस लावतात. पाणी खडीच्या आतून, मुळांमधून सरकतं. वर डबकं दिसत नाही, त्यामुळे डासही कमी.

पंजाबात सुलतानपूर लोधीजवळ बाबा बलबीरसिंग सीचेवाल यांनी लोकांना सोबत घेऊन २००० सालापासून काली बेईं ही नदी साफ करायला घेतली. पण गावांचं पाणी नदीत येत राहिलं तर सफाई किती दिवस टिकणार? म्हणून त्यांनी सांडपाणी गोल टाक्यांतून फिरवून गाळ खाली बसवायचा, मग ते तळ्यात सोडायचं आणि तिथून शेतीला द्यायचं, अशी साधी पद्धत बसवली. 'सीचेवाल मॉडेल' म्हणून ती देशभर ओळखली जाते. शेतकऱ्याला पाणी आणि त्यातलं नत्र-स्फुरद दोन्ही मिळतं. ज्याला त्यातून फायदा आहे तोच ते चालू ठेवतो, हे त्यातलं खरं मर्म.

उलट शहरासारखा मशीनवाला प्रकल्प खेड्यात आणला की तो बहुधा एका गोष्टीवर अडतो. मोटर आणि हवा सोडणारे ब्लोअर चोवीस तास चालायला हवेत. वीजबिल कोण भरणार, बिघाड कोण काढणार, तयार झालेला गाळ कुठे टाकणार? बांधायला पैसा मिळतो, चालवायला मिळत नाही. म्हणून खेड्यासाठी विचारायचा प्रश्न 'कोणतं मशीन भारी?' हा नाही. 'पाच वर्षांनी हे कोण सांभाळणार?' हा आहे.

आणि संडासाचा खड्डा?

आता जरा अवघड विषय. नाक मुरडू नका.

गाव हागणदारीमुक्त झालं, घरोघर संडास झाले. त्या संडासांचे खड्डे आज ना उद्या भरणार. मग?

सरकारी योजनेत दोन खड्ड्यांचा संडास सांगितलेला आहे. जाळीदार विटकामाचे दोन खड्डे आणि मध्ये 'वाय' आकाराचं चेंबर. एक खड्डा वापरायचा, दुसरा बंद. पाच-सहा माणसांच्या घरात नेहमीच्या मापाचा एक खड्डा भरायला साधारण तीन वर्षं लागतात. तो भरला की दुसरा चालू करायचा आणि पहिल्याला दीड-दोन वर्षं विश्रांती द्यायची. तेवढ्यात आतल्या मैल्याचं कोरडं, वास नसलेलं खत होतं. मराठीत त्याला फार जुना आणि सुंदर शब्द आहे, सोनखत. कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्याचं खत करणाऱ्या संडासांचे प्रयोग केले होते. मैला उचलण्याचं काम एका जातीच्या डोक्यावरून उतरावं, हा त्यामागचा विचार होता.

फेब्रुवारी २०१७मध्ये तेव्हाचे केंद्रीय पेयजल व स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर तेलंगणातल्या गंगादेवीपल्ली गावात अशा खड्ड्यात स्वतः उतरले आणि खत उपसलं. देशाला दाखवायचं होतं ते एवढंच की हे काम कुणालाही करता येतं.

पण गावात फिरून बघा. दोन खड्ड्यांचा संडास 'गरिबांचा' आणि सेप्टिक टँक 'प्रतिष्ठेचा' असा समज आहे. जितकी मोठी टाकी तितकी ऐट! 'आमची टाकी पंधरा वर्षं भरली नाही', हे अभिमानाने सांगितलं जातं. खरं तर सेप्टिक टँकमधला गाळ दर दोन-तीन वर्षांनी काढायला हवा आणि तिचं पाणी शोषखड्ड्यात जायला हवं. पंधरा वर्षं भरली नाही याचा अर्थ ती कुठेतरी झिरपतेय किंवा थेट गटारात मोकळी होतेय. शेजारच्या विहिरीच्या पाण्यात मग नायट्रेट वाढतं. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत हवं आणि पाणी उकळून ते जात नाही.

आणि टाकी भरलीच, तर तिच्यात कोण उतरतं? आत साचलेल्या विषारी वायूने माणूस काही मिनिटांत जातो. त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. अशा बातम्या तुम्ही वाचल्यात. २०१३च्या कायद्यानुसार सुरक्षासाधनांशिवाय माणसाला सेप्टिक टँकमध्ये उतरवणं गुन्हा आहे. गटार किंवा टाकीत मृत्यू झाल्यास कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३मध्ये सांगितलं. मेलेल्या माणसाची जात मात्र बहुतेक वेळा ठरलेली असते. म्हणून तुमच्या घरी नवं बांधकाम निघालं, तर टाइल्सच्या रंगाआधी खड्ड्याचा विषय काढा. आपल्या घरामुळे उद्या कुणाला खाली उतरावं लागणार आहे का, हे ठरवण्याची वेळ तीच असते.

पैसा आहे का?

आहे. स्वच्छ भारत मिशनचा (ग्रामीण) दुसरा टप्पा २०२०मध्ये सुरू झाला. त्यात पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत आणि त्याहून मोठ्या गावाला माणशी ६६० रुपयांपर्यंत तरतूद ठेवली. आपल्या दीड हजारांच्या गावाचे झाले ४ लाख २० हजार. यातला ३० टक्के वाटा, म्हणजे १ लाख २६ हजार, ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून घालायचा.

तो निधी कुठला? २०२१ ते २०२६ या काळासाठीच्या पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के भाग 'बंधित' ठेवला. त्यातला अर्धा स्वच्छतेसाठी, अर्धा पिण्याचं पाणी, पाऊसपाणी साठवण आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी. म्हणजे हा पैसा कमानीवर किंवा सभामंडपावर खर्च करताच येत नाही. तुमच्या ग्रामपंचायतीने तो कशावर खर्च केला, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

मग आपण काय करायचं?

परीक्षा झाली, गावी चाललात, रील्स बघून कंटाळलात, तर हे करून बघा.

* गटाराच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत चाला. मोबाइलवर नकाशा काढा. पाणी कुठे साचतं, शेवट कुणाच्या दारात होतो, ते लिहा.
* दहा घरं निवडा. माणसं किती, मोरीचं पाणी कुठे जातं, संडासाला खड्डा की टाकी, शेवटचा उपसा कधी, हे विचारा. प्रश्न आजीला आणि काकूला विचारा, पाणी त्याच वापरतात.
* दोन-तीन ठिकाणी माती तपासा. काठी, बादली आणि घड्याळ एवढंच लागतं. गावाच्या कोणत्या भागात खड्डा चालेल हे लगेच कळेल.
* शाळेच्या हातपंपाजवळ किंवा सार्वजनिक नळाजवळ एक नमुना खड्डा करायचा प्रस्ताव द्या. रोज डोळ्यांसमोर असणारी गोष्ट लोकांना भाषणापेक्षा लवकर पटते.
* हे सगळं ग्रामसभेत मांडा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा लक्षात असू द्या. अठरा पूर्ण आणि मतदार यादीत नाव असेल तर तुम्ही ग्रामसभेचे सदस्य आहात, कुणाच्या परवानगीची गरज नाही. त्याआधी महिलांची वेगळी सभा व्हायला हवी. मुलींनो, तिथे हा विषय आधी घ्या.
* 'आमचं गाव, आमचा विकास' आराखड्यात सांडपाण्याचं काम लिहून घ्या. आराखड्यात नाही ते पुढे बजेटमध्येही येत नाही.

एक अनुभवाचं सांगते. या विषयावर बोलायला गेलं की पहिल्यांदा सगळे हसतात. 'एवढं शिकून गटारावर लिहिणार का?' असं मलाही घरी विचारलं गेलं. त्याच माणसांना जरा वेळाने त्यांच्या दारातल्या पाण्याबद्दल विचारलं, तर अर्धा तास थांबत नाहीत. प्रत्येकाकडे तक्रार आहे, फक्त ती शेजाऱ्याविरुद्ध आहे. ती गावाच्या वहीत लिहिली गेली की तिचं काम होतं.

पुढची ग्रामसभा कधी आहे, ते आज घरी फोन करून विचारा. आणि फोनवर असतानाच तोही प्रश्न विचारून घ्या, आपल्या मोरीचं पाणी कुठे जातं?